विश्लेषण : ब्रिटनमधील जुन्या विटांच्या घरांना पुन्हा चुन्याचा गिलावा का?

ब्रिटनमध्ये १९१९ पूर्वी बांधलेली लाखो घरे आजही राहती आहेत. त्यांतील अनेकांच्या भिंती भरीव, नऊ इंची विटांच्या आहेत. हिवाळ्यात तापवलेली हवा फटींतून निसटते आणि इंधनाचे बिल वाढते. फटी बुजवाव्यात, पण भिंतीत ओल कोंडू नये, या दुहेरी गरजेतून चुन्याचा गिलावा पुन्हा चर्चेत आला आहे.

हवा कुठून निसटते?

खिडक्या-दारांच्या फटी दिसतात. न दिसणाऱ्या वाटा अधिक त्रासदायक असतात : लाकडी मजल्याच्या तुळया भिंतीत शिरतात ती भोके, स्कर्टिंगमागच्या उघड्या विटा, विजेच्या सॉकेटच्या खोबणी. दुरुस्तीत अनेकदा जुना गिलावा काढून जिप्समचे बोर्ड ठिकठिकाणी मसाल्याचे गोळे लावून चिकटवतात. बोर्डामागे पोकळी राहते आणि तिथून थंड हवा खेळते.

चुना काय साधतो?

ओला गिलावा थेट विटेवर बसतो, त्यामुळे मागे पोकळी उरत नाही. सलग थर हवेचा झोत अडवतो, मात्र त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून बाष्प बाहेर पडू शकते. सिमेंटही हवा अडवते, पण भिंतीत मुरलेले पावसाचे पाणी सहजासहजी सुकू देत नाही. मग तुळयांची टोके कुजण्याचा धोका असतो. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या चुन्यातील भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवल्यास ओल अशीच आत कोंडते. चुन्यावर प्लास्टिकयुक्त रंग लावला तरी हा फायदा कमी होतो.

काम कसे करतात?

गिलावा जमिनीपासून छतापर्यंत, स्कर्टिंगमागे आणि दोन तुळयांमधल्या जागेतही न्यावा लागतो. तेवढा पट्टा सोडला, तर हवा तिथूनच येते. लाकूड व गिलावा यांच्या सांध्यात चीर पडते, म्हणून तिथे खास टेप लावतात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो. तो झटपट सुकला तर तडे जातात, ओला असताना गोठला तर ठिसूळ होतो.

परिणाम कसा मोजतात?

दारात मोठा पंखा बसवून घराच्या आत-बाहेर ५० पास्कल दाबफरक निर्माण करतात आणि गळती मोजतात. इंग्लंडमध्ये नव्या घरांसाठी कमाल मर्यादा बाह्य आवरणाच्या दर चौरस मीटरमागे ताशी ८ घनमीटर आहे. जुन्या घरात कामाआधी आणि नंतर चाचणी घेतली की फरक कळतो.

मर्यादा कोणत्या?

साधा चुना भिंतीतून जाणारी उष्णता फारशी रोखत नाही. फुटके पन्हळ, गळके छप्पर आधी दुरुस्त करावे लागते. शिवाय फटी बुजल्यावर स्वयंपाकघर व न्हाणीघरातील दमट हवा बाहेर काढण्याची सोय हवीच, अन्यथा बुरशी धरते. घरात शेगडी किंवा गॅस हीटर असेल, तर ताज्या हवेची वाट बंद होणे कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकते.