लोहाचा केवडा व सोयाबीनच्या मुळांची आनुवंशिकता

चुनखडीयुक्त जमिनीतील सोयाबीनची कोवळी पाने, शिरा हिरव्या राहून, पिवळी पडली म्हणजे त्या जमिनीत लोह नाही असे अनुमान सहज काढले जाते. ते बहुधा चुकीचे असते. लोह हे जमिनीत विपुल असणारे मूलद्रव्य होय. परंतु सामू एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे एक सहस्रांशावर येते. तेव्हा प्रश्न लोहाच्या साठ्याचा नसून ते मिळविण्याच्या मुळांच्या सामर्थ्याचा आहे. आणि हे सामर्थ्य सर्व वाणांस सारखे लाभलेले नाही.

अमेरिकेत वाइस यांनी १९४३ मध्ये दाखवून दिले की, सोयाबीनच्या काही वाणांतील हा भेद एकाच जनुकामुळे पडतो व लोहग्रहणाची अकार्यक्षमता हा अप्रभावी गुण आहे. दोष पानांत की मुळांत, याचा निर्णय १९५८ मध्ये ब्राउन, होम्स व टिफिन यांच्या कलमप्रयोगांनी लागला. कार्यक्षम ‘हॉकाय’ वाणाच्या खुंटावर अकार्यक्षम ‘पी. आय. ५४६१९-५-१’ चा शेंडा बांधला असता तो हिरवा राहिला. याउलट त्या अकार्यक्षम वाणाच्या खुंटावर बांधलेला ‘हॉकाय’चा शेंडा पिवळा पडला. प्रयोग साधा, पण निर्णायक.

याचे कारण पुढे उलगडले. सोयाबीनसारख्या द्विदल वनस्पतींची मुळे लोहाची चणचण भासताच भोवतालची माती आम्ल करतात आणि पृष्ठभागावरील विकराच्या साहाय्याने फेरिक लोहाचे फेरस लोहात क्षपण करून ते आत घेतात. चुनखडीच्या जमिनीतील बायकार्बोनेट हे आम्ल निष्प्रभ करते, म्हणून दुबळ्या वाणाची तेथेच कसोटी लागते. (तृणधान्यांचा मार्ग निराळा: बार्लीची मुळे फेरिक लोहास बांधून घेणारी म्युजिनिक वर्गातील आम्ले स्रवतात.)

मराठवाडा व विदर्भ येथील अनेक काळ्या जमिनी चुनखडीयुक्त असून सोयाबीन हे तेथील आजचे प्रमुख पीक आहे. अशा जमिनीत दिलेले फेरस सल्फेट अल्पावधीतच अविद्राव्य होते. फवारणीने पाने हिरवी होतात, परंतु नंतर फुटणाऱ्या पानांसाठी ती पुन्हा करावी लागते. सहनशील वाण हाच स्वस्त उपाय. तथापि वाइस यांचे एका जनुकाचे चित्र शेतातील वाणांना जसेच्या तसे लावता येत नाही. प्रचलित वाणांत हा गुण बहुधा अनेक जनुकांवर अवलंबून असतो, आणि ओलावा व तापमान यांनुसार केवड्याची तीव्रता वर्षागणिक बदलते. एकाच हंगामातील पिवळेपणाच्या नोंदीवरून वाण निवडणाऱ्या पैदासकाराची त्यामुळे फसगत होण्याचा संभव मोठा आहे.