किरणोपचाराचे अंतर : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

कर्करोगाच्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना आजाराच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर किरणोपचाराची गरज भासते, असे तज्ज्ञ मानतात. हा उपचार शस्त्रक्रियेप्रमाणे एका दिवसात उरकत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून द्यावयाची मात्रा बहुधा 25 भागांत विभागून, आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच आठवडे दिली जाते. त्याला जोडून किरणस्रोत शरीराच्या आत ठेवूनही काही मात्रा देतात. असे भाग पाडण्याचे कारण इतकेच की, दोन मात्रांमधील वेळात निरोगी पेशींना आपली हानी भरून काढता येते. कर्कपेशींना ते तितकेसे साधत नाही. परंतु मध्येच खंड पडला, तर तोच अवकाश कर्कपेशींच्या पथ्यावर पडतो. म्हणून संपूर्ण उपचार आठ आठवड्यांच्या आत पुरा व्हावा, असा दंडक आहे. त्यापुढील प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे अर्ध्या ते एका टक्क्याने घटते.

हे गणित वाशीमच्या भूगोलावर ठेवून पाहावे. 1998 साली अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 12 लाख. 2018 साली केंद्र शासनाने त्याची गणना 'आकांक्षित' जिल्ह्यांत केली. किरणोपचारासाठी येथील रुग्ण अकोला, नागपूर वा थेट मुंबईची वाट धरीत आला आहे. त्यांतले अकोला सर्वांत जवळचे, तरी वाशीम शहरापासून ते सुमारे 80 किलोमीटर आहे. ही येरझार पंचवीस वेळा करावयाची, किंवा शहरात महिनाभर बिऱ्हाड मांडावयाचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च भागतो. रुग्णाची आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी मात्र कोणी भरून देत नाही. त्यातून सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस असले, म्हणजे खंड कोठे पडणार हे सांगावयास नको. मुंबईस टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देते. वऱ्हाडातील एका संताचे नाव असलेल्या वास्तूवर वऱ्हाडातील रुग्णांनी विसंबावे, यात औचित्य आहे खरे. पण आरोग्यव्यवस्थेने धर्मशाळेवर किती काळ भार टाकावा, हा प्रश्न उरतोच.

रोगाचा विस्तार दाखविणाऱ्या प्रतिमांच्या बाबतीत अंतर आणखी निराळ्या रीतीने जाचते. पेट स्कॅनसाठी लागणाऱ्या फ्लुओरिन-18 या किरणोत्सारी द्रव्याचे अर्धायुष्य अवघे 110 मिनिटांचे. ते साठवून ठेवता येत नाही. जेथे तयार होते तेथून काही तासांच्या वाटेवरच ते वापरावे लागते. कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांहून थोडे अधिक आहे. त्यामुळे कोबाल्ट यंत्र दूर गावीही चालते, पण स्रोत वेळेवर बदलला नाही, तर तितक्याच मात्रेसाठी रुग्णाला दुप्पट वेळ पडून राहावे लागते. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनविलेले 'भाभाट्रॉन' हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र प्रथम 2005 साली खारघर येथे बसविण्यात आले. पुढे ते व्हिएतनामसारख्या देशांतही गेले. आफ्रिकेतील वीसहून अधिक देशांत एकही किरणोपचार यंत्र नाही, हे सांगून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 2022 साली त्यासाठी स्वतंत्र उपक्रम आरंभिला.

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात लक्ष घालावे, असे एक कारण आहे. शासकीय परिभाषेतील 'प्रारण' हा शब्द कोशाबाहेर फारसा पडला नाही. रुग्ण म्हणतो 'लाईट' किंवा 'शेक'. त्यांतला 'शेक' हा शब्द आपल्याबरोबर घरातील सारा अनुभव घेऊन येतो : गुडघ्याला विटेचा शेक, पाठीला मिठाच्या पुरचुंडीचा शेक. आणि घरचा शेक दुखणे ओसरले की थांबवावयाचा असतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रक्तस्राव पुष्कळदा पहिल्या काही आठवड्यांतच थांबतो. म्हणजे शब्दाच्या तर्काने पाहता शेक थांबविण्याची वेळ झाली! अशा स्त्रीने गावी परतणे हे अडाणीपणाचे लक्षण मानणे अन्यायाचे होईल. तिला दिलेल्या शब्दाचा तिने लावलेला अर्थ सुसंगतच आहे.

पर्यायी शब्दही निर्वेध नाहीत. मात्रेच्या एका भागास 'पाळी' म्हटले, तर नेमक्या याच रोगाच्या रुग्णापाशी तो शब्द दुसऱ्या अर्थाने गुंतलेला असतो. 'हप्ता' हा शब्द शेतकऱ्याला कर्जामुळे चांगला कळतो, चुकविलेल्या हप्त्याचे परिणामही कळतात. परंतु वऱ्हाडीत हप्ता म्हणजे आठवडा, आणि पंचवीस हप्ते म्हणजे सहा महिने. त्या मानाने 'डोस' हा परभाषिक शब्द अधिक उपयोगी वाटतो. पोलिओच्या लसीमुळे तो घरोघर पोचला आहे आणि मूल धडधाकट दिसले तरी डोस पुरे करावयाचे असतात, ही कल्पनाही त्याच्याबरोबर पोचली आहे. शुद्धिवाद्यांना तो रुचणार नाही. 2024 साली वाशीम येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे रुग्णाच्या हाती पडणाऱ्या पहिल्या कागदावर 'पंचवीस डोस, बरे वाटले तरी पुरे पंचवीस' एवढे एक वाक्य छापण्यास यंत्राची वाट पाहावी लागत नाही.