चार मार्कांपलीकडचं संविधान

पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली उद्देशिका आठवतेय? आपण ती परिपाठात घडाघडा म्हटली, परीक्षेत मूलभूत हक्क लिहिले, मार्क मिळाले आणि विषय संपला. पण हे हक्क शाळेबाहेरच्या मोठ्या माणसांसाठी असतात असं वाटत असेल, तर केरळमधली ही घटना वाचाच.

१९८५ मध्ये तिथल्या तीन भावंडांना शाळेतून काढून टाकलं. कारण? राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. ‘यहोवाचे साक्षीदार’ या त्यांच्या पंथाला ते मान्य नव्हतं. उच्च न्यायालयात ती हरली. पण ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घ्यायला सांगितलं. राष्ट्रगीत गायलाच हवं असा कायदा नाही, आदराने उभं राहणं म्हणजे अपमान नव्हे आणि शाळेतून काढल्याने कलम १९ व २५ मधल्या हक्कांचा भंग झाला, असं न्यायालय म्हणालं.

पटतंय? नसेल पटत, तरी हरकत नाही. पुढच्या ऑफ तासाला हाच विषय वर्गात काढा. अर्धा वर्ग शाळेच्या बाजूने, अर्धा मुलांच्या. पंधरा मिनिटांनी बाजू बदला. सरांना किंवा मॅडमना फक्त ऐकायला बसवा. आणि हो, सगळ्यांपेक्षा वेगळं बोलणारा एखादाच असेल, तर त्याला हसू नका. त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्या. हक्कांची खरी गरज त्यालाच असते.