राखून ठेवलेले बियाणे

विळीने बोट कापले, तर थोड्याच दिवसांत जखम भरून येते आणि तिच्यावर नवी त्वचा धरते. ही त्वचा येते कोठून? रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे शरीरात प्रत्येक क्षणी असंख्य पेशी मरत असतात, तरीही निरोगी माणसाचे रक्त आटत नाही. याचे रहस्य मूलपेशींत आहे.

शेतकरी घरात आलेले सगळेच धान्य खाऊन टाकीत नाही. पुढील पेरणीसाठी काही बियाणे राखून ठेवतो. शरीराचीही रीत अशीच आहे. बहुतेक पेशी एकेका कामाला वाहिलेल्या असतात. स्नायूची पेशी आकुंचन पावते, चेतापेशी संदेश वाहून नेते. मूलपेशींचे विभाजन झाले, म्हणजे काही पेशी मूलपेशीच राहतात आणि काही परिपक्व होऊन कामाला लागतात. अशा रीतीने खर्चही भागतो आणि बियाणेही शिल्लक राहते.

सर्व मूलपेशींचे सामर्थ्य मात्र सारखे नसते. गर्भधारणेनंतर ५-६ दिवसांच्या भ्रूणाच्या अंतर्भागातील पेशींपासून शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकते. या भ्रूणीय मूलपेशी होत. अमेरिकेतील जेम्स थॉमसन यांनी १९९८ साली मानवी भ्रूणातील अशा पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या. परंतु त्या मिळविताना भ्रूण नष्ट होतो. म्हणून त्यांच्या वापराविषयी नीतीचा प्रश्न उभा राहिला.

दुसरा प्रकार प्रौढ मूलपेशींचा. नाव प्रौढ असले, तरी बालकाच्या शरीरातही त्या असतात. त्यांची मर्यादा ठरलेली असते. त्वचेतील मूलपेशी त्वचाच घडवितात, आतड्यातील आतड्याचे अस्तर घडवितात. अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्तपट्टिका तयार होतात. नवजात बालकाच्या नाळेतील रक्तातही अशा मूलपेशी असतात. रक्ताच्या कर्करोगाने किंवा थॅलेसेमियाने पीडित अशा काही रुग्णांना जुळणाऱ्या दात्याच्या मूलपेशी देतात. त्या रुजल्या, की रुग्णाच्या अस्थींत निरोगी रक्त तयार होऊ लागते. सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्णपणे जुळण्याचा संभव ४ मध्ये १ इतकाच असतो. म्हणूनच कित्येकदा परक्या दात्याच्या औदार्यावर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात.

तिसरा प्रकार मानवाने घडविलेला आहे. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या परिपक्व पेशींत ४ जनुके घालून त्यांना भ्रूणीय पेशींसारखे सामर्थ्य मिळवून दिले. २००७ साली मानवी पेशींच्या बाबतीतही हे साधले. पिठाचे पुन्हा बी व्हावे, तसाच हा चमत्कार! येथे भ्रूणाला हात लावावा लागत नाही. या शोधासाठी यामानाका यांना २०१२ सालचे नोबेल पारितोषिक जॉन गर्डन यांच्यासमवेत मिळाले.

तथापि, जिच्यात वाढीचे सामर्थ्य आहे, तिची वाढ अनावर झाली तर शरीरात गाठीही होऊ शकतात. रक्ताच्या काही विकारांवरील मूलपेशींचा उपचार दीर्घ अनुभवाने सिद्ध झाला आहे; इतर बहुतेक रोगांवरील उपचार अजून कसोटीला लागलेले आहेत. म्हणून मूलपेशींनी वाटेल तो रोग बरा करू, असे आश्वासन देणाऱ्यावर विसंबून राहू नये. बियाणे कितीही उत्तम असले, तरी ते कोठे व कसे पेरावे हे जाणणाऱ्याच्याच हाती पीक लागते.