सफरचंदांच्या पिंपातून

भाची सहावीत गेली तेव्हा ताईचा फोन आला. "वाढदिवसाला खेळणी नकोत, कपडे नकोत. तिला काहीतरी चांगलं वाचायला आण. साहसकथा वगैरे." मी उत्साहानं सात पुस्तकं नेली, सगळी नावाजलेली. दिवाळीत गेलो तर सातही कपाटात कोरी करकरीत उभी, आणि त्यांच्या डोक्यावर आडवा टाकलेला मोबाइलचा चार्जर.

पुस्तकांचं काही चुकलं नव्हतं. मी ती 'अभिजात' म्हणून दिली होती, आणि अकरा वर्षांच्या मुलीला त्या शब्दाला गृहपाठाचा वास येतो.

पुढच्या खेपेला त्या सातांतलं एकच बाहेर काढलं, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं 'ट्रेझर आयलंड'. पहिल्या पानाला हात लावला नाही, थेट अकरावं प्रकरण उघडलं. इंग्रजी पान समोर ठेवून मराठीत सांगत गेलो. जहाज बेटाजवळ आलंय. गोष्टीतल्या पोराला, जिम हॉकिन्सला, सफरचंद खावंसं वाटतं. डेकवरच्या पिंपात तळाशी एखाददुसरंच उरलंय, म्हणून तो आतच उतरतो. आत अंधार, खाली लाटांचा झुलवा, जिमला पेंग येते. तेवढ्यात कुणीतरी धप्पकन पिंपाला टेकून बसतं. आवाज ओळखीचा: जहाजावरचा एकपायी आचारी जॉन सिल्व्हर, जिमचा लाडका माणूस. तो शांतपणे सांगतोय की खजिना हाती आला की कुणाकुणाला संपवायचं. इथं मी पुस्तक मिटलं आणि जेवायला उठलो. वरणभात कालवता कालवता भाची म्हणाली, "मामा, पण सिल्व्हरलाच सफरचंद खावंसं वाटलं तर?"

पुस्तकात नेमकं तेच होतं. मी सांगितलं नाही. रात्री दिवा उशिरापर्यंत चालू होता, असं ताईनं दुसऱ्या दिवशी तक्रारीच्या सुरात कळवलं.

ही गोष्ट जन्मली तीही अशीच, मोठ्यानं वाचताना. 1881 सालचा उन्हाळा, स्कॉटलंडमधलं ब्रेमार, बाहेर पाऊस थांबायचं नाव नाही. स्टीव्हन्सनचा सावत्र मुलगा लॉइड घरात कंटाळलेला. त्याच्या रंगपेटीशी खेळताना स्टीव्हन्सननं एका बेटाचा नकाशा काढला, आणि नकाशाकडे बघता बघता त्याला झाडीतून डोकावणारी माणसं दिसायला लागली. मग रोज एक प्रकरण लिहायचं आणि घरच्यांना वाचून दाखवायचं. लॉइडची अट एकच, गोष्टीत बायका नकोत. (भाचीनं ही अट ऐकून नाक मुरडलं, आणि तिचं बरोबर आहे.) स्टीव्हन्सनचे वडील दीपगृहं बांधणारे इंजिनिअर, पण तेही पोरासारखे रंगले. बिली बोन्स या मेलेल्या खलाशाच्या पेटीत काय काय सापडेल, याची यादी त्यांनीच करून दिली. पंधराएक प्रकरणांनंतर गाडी अडली, ती पुढे स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला सुटली. पुस्तक आलं 1883 मध्ये.

म्हणून माझं मत असं की मुलाला साहसकथा द्यायची तर पहिली वीस मिनिटं आपण खर्च करावीत. आणि सुरुवात अशा पानापासून करावी जिथं मुलाला काहीतरी कळलंय आणि मोठ्यांना त्याचा पत्ता नाही. असं पान चांगल्या साहसकथेत सापडतंच.

दुसरी पायरी ज्यूल व्हर्न. 'ऐंशी दिवसांत जगप्रवास' मराठी घरात देणं सोपं, कारण फिलिअस फॉग मुंबईला उतरतो. त्याचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो, मार खातो आणि अनवाणी स्टेशनवर पळत येतो. पुढे रेल्वेचे रूळ मध्येच संपतात आणि फॉगला अलाहाबादपर्यंत जायला दोन हजार पौंडांचा हत्ती विकत घ्यावा लागतो. आता गंमत अशी की मुंबई–कलकत्ता लोहमार्ग 1870 मध्येच जोडला गेला होता आणि कथा घडते 1872 मध्ये. व्हर्न कधी भारतात आला नव्हता. त्यानं मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाला देऊन थेट सतीच्या चितेपर्यंत नेली. कायद्यानं सती बंद होऊन तेव्हा चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. अशा जागी पुस्तक लपवू नये, मुलाला सोबत घेऊन चुका पकडाव्यात. भाचीनं आगगाडीची चूक पकडून मला फोन केला तेव्हा तिचा आवाज फॉगवर पाळत ठेवणाऱ्या फिक्स या गुप्तहेरासारखा होता.

व्हर्नचा खरा खजिना मात्र 'मिस्टिरिअस आयलंड'. अमेरिकन यादवी युद्धातून बलूनमधून निसटलेली पाच माणसं आणि एक कुत्रा निर्जन बेटावर पडतात. हाताशी जवळपास काही नाही. त्यांच्यातला इंजिनिअर दोन घड्याळांच्या काचा काढतो, मध्ये पाणी भरतो, कडा चिकणमातीनं बंद करतो. झालं भिंग! त्या भिंगानं उन्हात शेवाळ पेटवतो. मग विटा, लोखंड, स्फोटकं. भाचीनं आजोबांच्या बंद पडलेल्या घड्याळाकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून ताईनं ते घड्याळ कुलपात ठेवलं.

हे पुस्तक द्यायच्या आधी 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' वाचलेलं हवं. कारण पाणबुडीतला तो गूढ कॅप्टन निमो कोण, याचा उलगडा इथं होतो. तो निघतो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, 1857 च्या उठावात लढलेला. व्हर्नच्या मनात आधी पोलिश सरदार होता, रशियानं घरादाराचा सत्यानाश केलेला. रशियातली विक्री बुडेल म्हणून प्रकाशक एत्झेल त्याला तयार झाला नाही. हा परिच्छेद मोठ्यांसाठी आहे, घरात मोठ्यानं वाचू नका.

पाणबुडीच्या पुस्तकात माशांच्या नावांच्या लांबलचक याद्या आहेत. त्या गाळायची परवानगी मुलांना आपणहून द्यावी. संक्षिप्त आवृत्त्यांवर माझा राग आहे तो वेगळ्या कारणानं. त्या याद्यांबरोबर ताटकळणंही छाटतात, आणि पिंपातलं ते ताटकळणं काढलं तर उरतं काय? 'रॉबिन्सन क्रूसो'पुरता मी अपवाद करतो. 1719 सालचं ते पुस्तक, त्यातली धर्मचिंतनाची पानं मलाही पुरती झेपत नाहीत. पण एक गोष्ट संक्षिप्त प्रतीत असेल-नसेल, आपण सांगावी: क्रूसोचं जहाज फुटतं तेव्हा तो आफ्रिकेतून गुलाम आणायला निघालेला असतो. मुलं ते ऐकून गप्प होतात आणि मग क्रूसोच्या बेटावरच्या सोबत्याबद्दल, फ्रायडेबद्दल, फार चांगले प्रश्न विचारतात.

मराठीत वाचणाऱ्या मुलाची सोय भा. रा. भागवतांनी करून ठेवली आहे. व्हर्नला मराठीत आणणारे तेच, आणि फुरसुंगीच्या बनेश फेणेला सायकलवर बसवून पुण्यात सोडणारेही तेच. फास्टर फेणेचं 'ट्टॉक' कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या आजोबांचं लाडकं पुस्तक नाथमाधवांचं 'वीरधवल'. सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून पाय कायमचे गेलेल्या माणसानं लिहिलेल्या या घोडदौडी. त्याची भाषा आजच्या सहावीला जड जाते, तेव्हा एखादं प्रकरण आपणच वाचून दाखवावं. बारा-तेराव्या वर्षी जॅक लंडनचं 'कॉल ऑफ द वाइल्ड' द्यावं, त्याआधी नको. बक कुत्र्याला सोटा खाताना पाहून मी स्वतः चौथीत पुस्तक फेकलं होतं.

मे महिन्यात भाची आठवडाभर राहायला आली. 'ट्रेझर आयलंड'च्या सुरुवातीचा नकाशा ती ट्रेसिंग पेपरवर उतरवत होती. मी तिला सांगितलं की हा पहिला नकाशा नव्हे. स्टीव्हन्सननं मूळ नकाशा हस्तलिखिताबरोबर प्रकाशकाकडे पाठवला, तो पोचलाच नाही. मग पुस्तकातली वर्णनं चाळून, अंतरं जुळवून, वडिलांच्या कचेरीत नवा काढावा लागला. गोष्टीतल्या चाच्याची, कॅप्टन फ्लिंटची, सही वडिलांनी ठोकून दिली.

"म्हणजे ही सही खोटी?"

"साफ खोटी."

"आणि खरा नकाशा?"

"हरवला."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "हरवला म्हणजे कुठंतरी असेलच ना," म्हणाली आणि माझ्याकडे पोस्टाचा नकाशा मागितला, स्कॉटलंडपासून लंडनपर्यंतचा.