लाटसाहेबाच्या बंगल्यात विद्यापीठ

सावित्रीबाईंच्या पुतळ्यासमोर उभा होतो, तेवढ्यात एका गृहस्थांनी स्वतःचा मोबाइल माझ्या हातात ठेवला. "तेवढा आमचा एक फोटू काढा." शेजारी मुलगी, छातीशी प्लास्टिकची फाइल धरलेली. फाइलमधून दाखल्यांच्या झेरॉक्स डोकावत होत्या. पुतळा आणि बापलेक चौकटीत नीट बसले, पण वडिलांना मागचा मनोराही हवा होता. मी मागे सरकलो, आणखी मागे सरकलो, हिरवळीच्या कडेला ठेचकाळलो. मनोरा पुरता आला तेव्हा ही दोघं दोन ठिपक्यांएवढी झाली होती.

फोटोग्राफर म्हणून मी बेताचाच, हे खरं. पण दोष माझ्या एकट्याचा नाही. समोर आलेला माणूस लहान दिसावा, हा हेतू मनात ठेवूनच ही इमारत बांधलेली आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे मूळचा मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी बंगला. इलाख्याचं सरकार तेव्हा ऋतूप्रमाणे गाव बदलत असे. उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. पुण्यातला मुक्काम आधी दापोडीच्या बंगल्यात असायचा, तो गव्हर्नर सर बार्टल फ्रियरला पुरेना. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सरकारचा हातही सैल सुटला होता. १८६४ मध्ये गणेशखिंडीजवळच्या माळावर काम सुरू झालं. आराखडा जेम्स ट्रबशॉचा, इटालियन धाटणीचा. राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बर्न हाउसचा कित्ता गिरवलेला, असं जाणकार सांगतात. कमानींची लांबच लांब ओळ आणि तिच्यावर ऐंशी फुटी मनोरा. पुढच्याच वर्षी कापसाचा फुगा फुटला, मुंबईचे सावकार धडाधड बुडाले, बंगला मात्र चढतच राहिला. पुरा व्हायला १८७१ उजाडलं आणि खर्च पावणेदोन लाख पौंडांवर गेला. त्या उधळपट्टीवर थेट ब्रिटिश पार्लमेंटात ताशेरे झडले. ज्याने हा घाट घातला तो फ्रियर तर १८६७ मध्येच मुंबई सोडून गेला होता.

माळ तसा रिकामा नव्हता. खिंडीतल्या गणपतीवरून जागेला नाव पडलं होतं, आणि ५ नोव्हेंबर १८१७ ला दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेने इंग्रजांशी खडकीची लढाई दिली ती याच परिसरात. बापू गोखल्यांचे घोडेस्वार दलदलीत अडकले, जरीपटका घेतलेले मोरोपंत दीक्षित पडले आणि त्यानंतर बारा दिवसांत शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला. गव्हर्नराने बंगल्यासाठी नेमका हाच भाग निवडावा हा योगायोग असेलही. मला तो तसा वाटत नाही.

इमारतीखाली एक भुयार आहे. त्याबद्दल आवारात हव्या तेवढ्या दंतकथा मिळतात, कुणी ते पार शनिवारवाड्यापर्यंत नेऊन पोचवतात. त्यातल्या त्यात पटण्याजोगी गोष्ट साधी आहे. मुदपाकखाना मुख्य घरापासून दूर होता, आणि ताटं घेऊन जाणारे नोकर पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्यांची वाट जमिनीखालून काढली.

आता त्या पुतळ्याकडे परत येतो. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाईंनी डॉक्टर असलेल्या दत्तक मुलाला, यशवंताला, बोलावून घेतलं आणि शहराबाहेर, हडपसरच्या बाजूला, रोग्यांसाठी दवाखाना काढला. मुंढव्याच्या गायकवाडांचा मुलगा आजारी असल्याचं कळलं तेव्हा या साठी उलटलेल्या बाईने त्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात पोचवलं. पोरगा वाचला. बाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

तीन महिने आणि बारा दिवसांनी, २२ जूनच्या रात्री, या बंगल्यात राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी होती. पाहुण्यांत प्लेगच्या बंदोबस्ताचा मुख्य अधिकारी वॉल्टर रँड होता. घरझडत्या, बायकांची उघड्यावर तपासणी, देवघरात शिरणारे गोरे सोजीर, या सगळ्यापायी पुण्याने ज्याच्या नावाने बोटं मोडली तो हा माणूस. मध्यरात्रीच्या सुमाराला बग्ग्या परत निघाल्या आणि गणेशखिंड रस्त्यावर दामोदर चापेकरांनी रँडवर, बाळकृष्ण चापेकरांनी मागच्या बग्गीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. पुढच्या दोन वर्षांत धाकट्या भावासह तिघेही चापेकर फासावर गेले.

एकाच साथीची ही दोन टोकं. एका टोकाला मेजवानीचा बंगला आणि दुसऱ्या टोकाला पाठीवर मूल घेतलेली बाई. त्या बाईचं नाव या आवाराला मिळायला २०१४ साल यावं लागलं आणि पुतळा इमारतीसमोर उभा राहायला २०२२. नामांतराच्या वेळी चर्चा भरपूर झाली, पण प्लेगचा हा धागा तिच्यात क्वचितच ऐकू आला.

मधला टप्पा विद्यापीठाचा. १० फेब्रुवारी १९४९ ला ते स्थापन झालं आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. पहिले काही महिने कारभार भांडारकर संस्थेच्या निजाम गेस्ट हाउसमधून चालला. मग बाळासाहेब खेरांच्या सरकारने गव्हर्नरचा बंगला आणि चारशेहून अधिक एकरांचं आवार विद्यापीठाला देऊन टाकलं, आणि १ जूनला बिऱ्हाड इकडे आलं. जिथे साहेबांची ताटं मांडली जात, त्या वास्तूत आता संत ज्ञानेश्वर सभागृह आहे. अधिसभेची बैठक असली की तिथे शुल्कवाढीवरून आवाज चढतात. ज्ञानोबांना दोन्ही परवडलं असतं.

मुख्य इमारत सोडून वडांच्या सावलीने चालायला लागलं की विद्यापीठाचं खरं रूप दिसतं आणि ते गबाळं आहे. दगडी बैठ्या बराकींत एक विभाग, शेजारी सत्तरच्या दशकातला काँक्रीटचा ठोकळा, पुढे काचेची नवी इमारत. पाट्यांवर चार वेगवेगळ्या काळांची अक्षरं. ललित कला केंद्राच्या अंगणमंचावर दुपारच्या उन्हात कुणी तरी एकच वाक्य दहा प्रकारे म्हणून बघत असतं. संस्कृतवाले, पालीवाले आपापल्या शांततेत. याच आवारात सी-डॅक आहे. अमेरिकेने महासंगणक द्यायला खळखळ केल्यावर विजय भटकरांच्या चमूने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला तो इथलाच. रेडिओ खगोलभौतिकीचं राष्ट्रीय केंद्रही इथेच. त्याच्या तीस महाकाय अँटेना नारायणगावजवळच्या खोडदला, मेंदू गणेशखिंडीत.

पण पाय रेंगाळतात ते आयुकात, खगोलविज्ञानाच्या संस्थेत. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये ही संस्था उभी केली आणि इमारतीचं काम चार्ल्स कोरियांना दिलं. सरकारी पैशाने बांधलेल्या वास्तूत इतकी मजा भारतात फार ठिकाणी केलेली नाही. मधोमध देवळापुढच्या कुंडासारखा पायऱ्यांचा खोलगट चौक. त्यात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे. चौघांच्या जन्मसालांत मिळून जवळजवळ चौदाशे वर्षांचं अंतर, पण इथे ते एकाच अंगणात वावरतात. भिंती काळ्या दगडाच्या. वर चढत जावं तसा दगड अधिक गुळगुळीत, अधिक काळा होतो, अवकाशाकडे नेल्यासारखा. एका चौकात त्रिकोणाच्या पोटात त्रिकोण, त्याच्या पोटात आणखी त्रिकोण अशी गणिती फरशी आहे. न्यूटनच्या सफरचंदाच्या वंशातली झाडंही नारळीकरांनी आणून लावली होती. पुण्याच्या उन्हाशी त्यांचं फार काळ जमलं नाही.

आणि फूकोचा लंबक. उंचावरून लांब तारेला टांगलेला जड गोळा, एका लयीत इकडून तिकडे. पाच मिनिटं पाहिलं तर काहीच होत नाही. मुलं कंटाळून निघून जातात आणि माझ्या मते तिथेच चुकतात. झोक्याची दिशा हळूहळू फिरते आहे. खरं तर ती फिरत नसून खालची जमीन फिरते आहे. ध्रुवावर हा फेरा एका दिवसात पुरा होतो, विषुववृत्तावर दिशा मुळीच बदलत नाही. पुणे साडेअठरा अक्षांशावर, म्हणून इथे तासाला पावणेपाच अंशांच्या आसपास आणि पूर्ण फेऱ्याला सुमारे पंचाहत्तर तास. सकाळी दहाला येऊन फरशीवरची एखादी खूण धरून ठेवा आणि जेवून परत या. आपण कुठे उभे आहोत, अक्षांशासकट, हे सांगणारं इतकं सोपं यंत्र दुसरं मला माहीत नाही.

आयुकातच मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिची इमारत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून झाली आणि तिचं नाव पुलस्त्य. सप्तर्षींतला एक तारा, आणि ज्याला ऐकू येईल त्याला पुलंही. देणगीदाराची संगमरवरी पाटी लावण्यापेक्षा ही कल्पना किती तरी बरी.

दुपारी एक वाजता सगळ्या ज्ञानशाखा रिफेक्टरीच्या रांगेत एक होतात. भात, आमटी, भाजी, चपात्या. तक्रार रोजची आणि रांगही रोजची. अनिकेत कँटीनमध्ये चहावर चर्चा चालते ती बहुतेक कटऑफची. कुंड्यांना पाणी घालणारा किंवा विभागात फायली लावणारा एखादा मुलगा कमवा व शिका योजनेतला असतो. भाऊराव पाटलांच्या नावाने चालणारी ही योजना बंद पडली तर किती खोल्या रिकाम्या होतील, याचा अंदाज वसतिगृहात एक चक्कर मारली तरी येतो.

जयकर ग्रंथालयाच्या वाचनकक्षात संध्याकाळी जागा मिळणं कठीण. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर, तिन्ही जिल्ह्यांतली पोरं. पाण्याची बाटली आणि वर पालथं पुस्तक ठेवलं की खुर्ची राखलेली, हा कायदा कुठे लिहिलेला नाही पण मोडतही कुणी नाही. बाहेरच्या कट्ट्यावर पारनेरकडचा एक मुलगा भेटला. एमए करून झालं, आता स्पर्धा परीक्षा. या आवारात चौथं वर्ष.

"त्या जुन्या इमारतीत आतून काय काय पाहिलंस?" मी विचारलं.

"आत? नाही ओ सर, आत नाही गेलो कधी." त्याने मनोऱ्याच्या दिशेने मान वळवली. दिवे नुकतेच लागले होते. "आपलं तिथं काय कामच नाही पडलं. परीक्षा विभाग इकडं पलीकडं आहे ना."

मग त्याने घड्याळ पाहिलं आणि बाटलीची जागा जाईल म्हणून आत पळाला.