चेहऱ्याचा मान

पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्ती साच्यातून निघते, वाळते, रंगते. पण डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय तिच्यात जीव उतरत नाही. ते काम सरावलेल्या हातालाच देतात. चेहऱ्याला वेळ द्यावा लागतो, हे हमरापूर-जोह्याच्या मूर्तिकारांना शिकवावं लागत नाही. पण याच पेण-रोह्याच्या वाड्यांवरच्या कातकरी बाईचा फोटो कुठे सापडतो? आधार कार्डावर, नाहीतर दाखल्याच्या अर्जावर. ‘सरळ बघा, हलू नका’ म्हणत अर्ध्या मिनिटात उरकलेला. ती गेल्यावर घरच्यांना आठवणीसाठी फोटो मोठा करून हार घालायचा झाला, तरी बहुधा तोच हाताशी असतो. तिला विचारून, नीट बसवून काढलेला फोटो खचलेल्या मनाला आधार देऊ शकतो, असं मी ठामपणे म्हणते.

या विचाराला जुना आधार आहे. इंग्लंडमधल्या सरे परगण्याच्या मनोरुग्णालयातले डॉ. ह्यू वेल्च डायमंड यांनी १८५६ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलं, की रुग्ण स्त्रिया स्वतःचे फोटो पाहून त्यांत रमतात आणि त्याचा उपचाराला उपयोग होतो. मात्र चेहऱ्यावरून वेड ओळखायचं, हाही त्यांचा हेतू होता. आणि १८६८ ते १८७५ दरम्यान निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ब्रिटिश सरकारी छायाचित्रसंग्रहाच्या आठ खंडांत तर आपली माणसं जातीजमातींचे नमुने म्हणूनच मांडली गेली. म्हणजे नुसत्या फोटोने कोणी सावरत नाही; तो कसा काढायचा हे कोण ठरवतं, यावर सगळं अवलंबून आहे. हे ठरवणं स्वतःच्या हाती घेतल्याचंही उदाहरण आहे. जो स्पेन्स या ब्रिटिश छायाचित्रकार बाईंना १९८२ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेआधी त्यांनी स्तनावरच लिहिलं, ‘जो स्पेन्सची मालमत्ता?’ आणि तसा फोटो काढवून घेतला. पुढे रोझी मार्टिन यांच्यासोबत त्यांनी फोटोतून उपचाराची पद्धतच उभी केली. तीत दोघी आळीपाळीने कॅमेऱ्यासमोर बसत आणि समोर बसलेली सांगे तसा फोटो निघे.

सेल्फी असताना हे कशाला, असं कोणी विचारेल. १९७७ च्या एका अमेरिकन प्रयोगात लोकांना स्वतःची आरशातली उलटी छबी अधिक आवडली, तर त्यांच्या मैत्रिणींना आणि जोडीदारांना सुलटी. म्हणजे ‘माझा फोटो चांगला येत नाही’ यात चेहऱ्याचा दोष कमी, आरशाच्या सवयीचा जास्त. फिल्टर चेहरा झाकतो; आपुलकीने बघणारं माणूस तो आपल्याला दाखवून देतं. दुसरा आक्षेप खरा आहे: वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईला आधी मजुरी हवी, नैराश्याला डॉक्टर हवा. फोटो त्यांची जागा घेत नाही, आणि घेतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आणि फोटोला ती बाई नको म्हणाली तर विषय संपला. तिचा चेहरा प्रदर्शनाचा माल नाही. प्रिंट तिच्याच हातात पडली पाहिजे.

पेण-रोह्याच्या बाजारपेठांतल्या फोटो स्टुडिओवाल्यांना म्हणून विनंती: अर्जाचा फोटो काढून झाला, की ‘ताई, तुम्हाला कसं बसायला आवडेल?’ एवढं विचारा, आणखी एक फोटो काढा आणि त्याची प्रिंट त्यांना द्या.